विहिरीवरची दोन लाकडं

बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा देऊन मी नागपूरहून धाड या आमच्या गावी परतलो, तेव्हा आमच्या मळ्यातल्या विहिरीवर नवी लाकडं बसली होती. मोटेचं चाक ज्यांच्या टोकांवर फिरतं, ती दोन लाकडं. मागचा भाग दगडी बांधकामात गाडलेला, पुढचा अडीच हात भाग विहिरीवर मोकळा. वीतभर रुंद आणि अर्धी वीत जाड असं ते सागवान होतं. सुताराने रुंद बाजू खाली घेऊन ती निजवली होती.

मोट भरून वर येऊ लागली की दोन्ही टोकं बोटभर खाली जात. रिकामी झाली की वर येत. मोठा भाऊ बैल हाकत होता, त्याच्या ते लक्षातही येत नव्हतं. मला मात्र दुसरं काही दिसेना. कारण रोज सकाळी वडील त्याच लाकडांवर पाय देत टोकापर्यंत जायचे आणि चाकाच्या आसाला एरंडेल घालायचे. खाली पाच पुरुष खोल विहीर, वैशाखात कमरेएवढं पाणी, आणि एका बाजूला उघडा पडलेला खडक.

कॉलेजात आम्ही हाच प्रयोग केला होता. लाकडी पट्टीचं एक टोक टेबलाला घट्ट आवळायचं, मोकळ्या टोकाला वजनं टांगायची आणि ते किती झुकतं ते मोजायचं. झुकण्याच्या हिशेबात पट्टीची रुंदी एकदाच येते, पण उभी जाडी तीन वेळा गुणली जाते. तीच पट्टी कडेवर उभी केली की झुकायला तयार होत नाही. आमचे सर बजावत, जाडी मोजताना केसभर चूक झाली तर उत्तरात ती तिप्पट होऊन येते. माझी एकदा झाली होती.

आमच्या घरात अक्षर ओळखणारा मी पहिला. वडिलांना काही शिकवायचं म्हणजे जीभ जड व्हायची. तरी सांगितलं. लाकडं उभी केली तर चौपटीने कमी झुकतील.

सुतार वडिलांच्या वयाचा. तो हसला. "उभं लाकूड कलंडते, बापू. निजलेल्या मानसाले कोनी पाडलं का?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी त्याच्याच पेटीजवळची एक पातळ पट्टी घेतली, आधी निजवून आणि मग कडेवर धरून त्याला दाबून पाहायला लावली. त्याने दोनदा दाबली. मग म्हणाला, दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकल्या तर कलंडणार नाही. वडिलांनी मला एवढंच विचारलं, "पक्कं?" मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मोट थांबवली. गावचा बाजार होता, म्हणून वडिलांनी मला मोटेचा नवा दोर आणायला पाठवलं. परतलो तेव्हा काम झालं होतं. भाऊ सांगत सुटला की भरलेली मोट ओढून पाहिली, टोक जागचं हललं नाही. सुतारानेही मान्य केलं की पोरगा शिकून आला खरा. वांग्यांनी माना टाकल्या होत्या, सगळ्यांना पाण्याची घाई होती. वडील एरंडेलाची वाटी घेऊन निघाले.

मला आनंद व्हायला हवा होता, पण लाकूड दगडात शिरतं तिथे माझी नजर अडकली. दगडातली खाच निजलेल्या लाकडाच्या मापाची, म्हणजे बुटकी होती. वीतभर उंच लाकूड तिच्यात मावेना, आणि पाथरवट कुठे रोहिणखेडकडे गेलेला. म्हणून सुताराने लाकडाचाच खालचा भाग तासला होता. थेट काठापर्यंत. तिथे उंची पुन्हा अर्धी वीत उरली होती, आणि रुंदी तर आता अर्धी वीतच. पहिल्यापेक्षा निम्मं लाकूड. सगळा ताण जिथे येतो, नेमकं तिथे. टोक झुकत नव्हतं म्हणून उलट सगळे निर्धास्त झाले होते, आणि हे माझ्या सांगण्यावरून झालं होतं. खाच मोजायला हवी, हे मी बोललोच नव्हतो.

"बा, थांब. पाय नको देऊ."

एक पाय लाकडावर ठेवून वडील थांबले. मी घाईघाईने सांगू लागलो, शब्द एकमेकांत अडकू लागले. सुतार चिडला. "काल उभं कर म्हने, आज काढ म्हने. यायच्या पुस्तकात रोज येगळं लिहून येते काय?"

वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "हे तुले येते म्हनून सांगून राह्यला, का भेव लागते म्हनून?"

"दोन्ही," मी म्हणालो.

त्यांनी पाय मागे घेतला.

पाथरवट दोन दिवसांनी आला. खाच खोल केली, आणि पहिली लाकडं ज्या ओंडक्यातून काढली होती त्यातलीच उरलेली दोन न तासता उभी बसवली. तोवर आईने आणि वहिनीने डोक्यावरून पाणी वाहून मिरच्या जगवल्या. वांग्यांचा एक वाफा गेला. त्यावरून मला कोणी काही म्हणालं नाही. सुतार मात्र जाताना तासलेलं लाकूड माझ्यासमोर टाकून म्हणाला, हे मोडलं असतं की नाही ते आता कोण सांगणार?  ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या दिवशी वडील पुन्हा वाटी घेऊन लाकडांवर चढले. मी पाचरी पाहिल्या, खाच पाहिली, वीत लावून उंची दोनदा मोजली. तरी ते पुढे सरकू लागले तशी मी काठावर बसून त्यांच्या धोतराचा सोगा मुठीत धरला. त्याने काय वाचणार होतं? सोगा ताणला गेला तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं, माझी मूठ पाहिली. सोड म्हणाले नाहीत. सोगा पुरला तिथूनच हात लांबवून आसाला तेल घालू लागले.