लग्नपत्रिकेच्या शाईतले अपूर्णांक

चोपड्याच्या मुलींच्या शाळेत मी चित्रकलेची शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा तेवीस वर्षांची होते. माहेर धुळ्याचं. मॅट्रिकला गणितात कशीबशी काठावर पास झाले आणि चित्रकलेच्या डिप्लोमाला गेले, ते आता आयुष्यात पुन्हा गणिताचं तोंड पाहायचं नाही असं ठरवूनच.

शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणत. पन्नाशीच्या, ताठ, पांढऱ्या सुती साडीतल्या. त्या व्हरांड्यातून चालायला लागल्या की मुलीच काय, शिक्षकसुद्धा आवाज खाली आणत. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा शिक्षकाला घाबरणं हा अभ्यासाचाच भाग होता.

एका दुपारी त्या माझ्या वर्गात आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. मला वाटलं, माझं काही चुकलं. पण त्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "पाचवीला अपूर्णांक कळत नाहीत. तीस वर्षं मी फळ्यावर एकच भाकरी काढते आणि तिचे तुकडे करते. मुली भाकरीकडे बघतात, तुकड्यांकडे बघतच नाहीत. तू मला दुसरं चित्र काढून दे."

मला लाज वाटली, पण खरं सांगून टाकलं. अक्का, मलाच अपूर्णांक कधी कळले नाहीत. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, हे मी आजही अंदाजाने सांगते, आणि माझा अंदाज बहुतेक चुकतो.

अक्कांचा चेहरा एकदम खुलला. "मग तूच पाहिजेस," त्या म्हणाल्या. "तुला कळेल असं काढ. तुला कळलं की वर्गाला कळेल."

त्यानंतर शाळा सुटली की रोज मी त्यांच्या घरी. आधी मी केळीचे घड काढले, कपाशीची बोंडं काढली, पोपटसुद्धा काढले. अक्का चहाचा कप बाजूला ठेवून बघायच्या आणि म्हणायच्या, छान आहे, पण यात गणित कुठंय? आठवडाभर असं चाललं. मग एक दिवस वैतागून मी सगळं पुसलं आणि नुसती एक आडवी पट्टी आखली. अक्का म्हणाल्या, लांबी तीस सेंटिमीटर घे, मुलींच्या फूटपट्टीएवढी. तीसचे दोन, तीन, पाच, सहा भाग सरळ पडतात. मी एकाखाली एक सहा पट्ट्या आखल्या. पहिली अखंड, मग दोन भागांची, मग तीन, चार, पाच, सहा.

रंग भरायला बसले, तेव्हा मी माझ्या विद्येत होते. अर्ध्यांना लाल. चार भाग म्हणजे अर्ध्याचेच अर्धे, म्हणून त्यांना फिकट लाल. तृतीयांशांना पिवळा. सहाची पट्टी दोघांच्याही नात्यातली, म्हणून तिला लाल-पिवळा मिसळून केशरी. पाच मात्र कुणाच्याच नात्यात बसेना, त्याला वेगळा रंग लागणार होता.

चौथी पट्टी रंगवताना माझा हात थांबला. पिवळा तुकडा वर होता, फिकट लाल तुकडा त्याच्याखाली, आणि खालचा आखूड होता. चार मोठे, म्हणून चतुर्थांश मोठा, असं मी चौदा वर्षं धरून चालले होते. पण जितके वाटेकरी जास्त, तितका वाटा लहान. एवढंच होतं ते. मला हसू फुटलं. इतकं, की ब्रशमधला रंग साडीवर सांडला आणि तरी हसू थांबेना. अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मी नुसती पट्टीकडे बोट दाखवत राहिले. "पाणी पी," त्या म्हणाल्या, आणि मग त्याही हसायला लागल्या. अक्कांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांना दात आहेत हे शाळेत कुणाला माहीत नसावं.

प्रत्येक मुलीच्या हातात तिची स्वतःची पट्टी हवी, असं अक्कांनी ठरवलं. म्हणजे छपाई आली. जळगावला स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान चालवणारा एक गृहस्थ, अक्का आधी फैजपूरच्या शाळेत असताना, त्यांच्याकडे शिकला होता. एका रविवारी आम्ही एसटीने त्याच्याकडे गेलो. चांगला मिशीवाला, दोन मुलांचा बाप. पण अक्का दारात दिसल्या तसा हातातलं काम टाकून उभा राहिला आणि शर्टाचं वरचं बटण लावू लागला.

तुळशीचं लग्न नुकतंच झालेलं. दुकानभर लग्नपत्रिका. दोऱ्यांवर वाळत घातलेल्या, टेबलावर, खिडकीत. शाया होत्या त्या लग्नाच्याच: कुंकवाचा लाल, हळदीचा पिवळा आणि सोनेरी. मला आणखी काय हवं होतं? पाचाच्या पट्टीला सोनेरी मिळाला. मिशीवाला जाळीवरून शाई ओढायचा, मी कागद उचलायचे, अक्का दोरीवर चिमटे लावायच्या. शाईतल्या रॉकेलच्या वासाने डोकं हलकं झालं होतं. कुणाच्या तरी लग्नपत्रिकांच्या शेजारी आमचे अपूर्णांक वाळत होते. संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली, तसे घाईघाईने गठ्ठे बांधून आम्ही निघालो.

गाडीत अक्कांनी एक कागद काढून चष्मा लावला. तो वरून खालपर्यंत निरखला. मग कागद माझ्यापुढे धरला. खाली, अगदी कडेला, बारीक लाल अक्षरात छापलं होतं: "आमच्या मावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं!"

जुन्या पत्रिकेचीच जाळी त्याने वापरली होती. खालची ओळ झाकायची राहून गेली होती, आणि ती सगळ्या कागदांवर उमटली होती. मला रडू येणार असं वाटलं, पण अक्कांचे खांदे हलताना दिसले आणि माझाही धीर सुटला. आम्ही दोघी इतक्या हसलो, की कंडक्टर येऊन तब्येत बरी आहे ना, असं विचारून गेला.

दुसऱ्या दिवशी ते कागद तसेच वाटले. मुलींनी अर्थातच सगळ्यात आधी तीच ओळ वाचली. पहिल्या बाकावरच्या एकीने हळूच विचारलं, "बाई, हाई कोनं लगीन शे?"

अक्कांनी खडू खाली ठेवला. "एक तृतीयांश आणि दोन षष्ठांश यांचं," त्या म्हणाल्या. "लांबी जुळते का बघा. जुळली तरच लग्न."

पुढचा अर्धा तास जो गोंधळ झाला, तो त्या शाळेने पाहिला नव्हता. बठ्ठ्या, झाडून सगळ्या मुली कात्र्या घेऊन पट्ट्या कापत होत्या, एकमेकींच्या बाकावर जाऊन तुकडे जुळवत होत्या. अर्ध्याला तीन स्थळं सांगून आली: दोन चतुर्थांश, तीन षष्ठांश आणि कुणीतरी ओढूनताणून आणलेले तीन पंचमांश. शेवटचं स्थळ मोडलं, तेव्हा टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिका दारात येऊन उभ्या राहिल्या. अक्कांनी त्यांना गंभीरपणे सांगितलं, सममूल्य अपूर्णांक चालू आहेत.

चाचणीत बऱ्याच जणींना चांगले गुण पडले, सगळ्यांना नाही. एक पेपर अक्कांनी बाजूला ठेवला आणि मला विचारलं, अर्धा अधिक एक तृतीयांश किती? मी ठसक्यात म्हणाले, दोन पंचमांश. वरचे मिळवले, खालचे मिळवले. त्यांनी तो पेपर मला दाखवला. हेच उत्तर. मग त्या मुलीला बोलावून आम्हा दोघींना एका टेबलाशी बसवलं आणि पुढे पट्ट्या टाकल्या.

मुलीने लाल तुकड्याला पिवळा जोडला. मग दोन सोनेरी तुकडे खाली ठेवले. सोनेरी जोडी एकट्या लालपेक्षाही आखूड होती. तिने डोळे वर केले. "बेरीज करी, तं कमी कसं व्हयनं?"

मग आम्ही दोघी तुकडे लावत बसलो. लाल-पिवळ्याखाली पाच केशरी बरोबर बसले, तेव्हा मी मोठ्याने "बसले" म्हणाले आणि उठून उभी राहिले. ती माझ्याकडे बघत होती. "बाई, तुमले बी येत नव्हतं?"

नव्हतं, मी म्हणाले. उत्तरापेक्षा तिला याचाच जास्त आनंद झाला, आणि मधल्या सुट्टीपर्यंत तिने तो शाळाभर वाटला. दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या तासाला निम्म्या मुली गणिताची वही घेऊन आल्या. जे मला काढता आलं ते काढून दाखवलं, उरलेलं अक्कांना विचारून येते म्हटलं. वस्तुचित्रासाठी टेबलावर मांडलेले पेरू त्या आठवड्यात कुणीतरी खाऊन टाकले, आणि गणिताच्या नादात ते माझ्या लक्षात आलं थेट शनिवारी.