तोरेखानचा काळा माइक

तोरेखानच्या नाकावर राग कायम असायचा. किझिलोर्दा शहरातल्या रेल्वे डेपोत अठ्ठावीस वर्षं सिग्नल दुरुस्त करून त्याचे कान एवढे तिखट झाले होते, की मालगाडी लांब फाट्यावर असतानाच तिचं कितवं चाक चपटं झालंय ते तो सांगायचा. अशा कानांना जगात चैन कुठून पडणार? बायको शारिपाचा चहाचा समोवार फुसफुसला तरी तो चिडायचा. शारिपा म्हणायची, "ह्या माणसाला देवाने कान दिले आणि झाकणं द्यायचं विसरला."

तर ह्या तोरेखानला आयमखान आजीचं गाणं हवं होतं. आजी दोन घरं सोडून राहायची. घशाच्या तळातून खरखरत वर येणारं एक लांबलचक गाणं तिला सासूने शिकवलं होतं आणि आता ते तिच्याखेरीज कुणालाच येत नव्हतं. मुलगा तिला कायमचं दूरच्या आक्ताऊ शहरी नेणार होता. गुरुवारच्या गाडीची तिकिटं निघाली होती. आजी म्हणायची, "उन्हाळ्यात येईनच की." तसं म्हणून गेलेलं कुणी आजवर परत आलं नव्हतं.

तोरेखानने मागच्या खोलीच्या भिंतींवर दाबलेल्या लोकरीच्या, नमद्याच्या सतरंज्या ठोकल्या, मुलीचा जुना संगणक मांडला आणि माइक आणायला तो बाजारात गेला. तिथेच फसला.

"आगा, हा सोनेरी घ्या," दुकानदार मधाळ आवाजात म्हणाला. "मुंगी शिंकली तरी पकडेल."

पकडली. मुंगी, तीन घरांपलीकडचं गाढव, समोवार आणि साठ डब्यांची मालगाडी, सगळं स्पष्ट आलं. आजीची ओळ तेवढी त्यात बुडाली.

"खोकं उघडलंय, आगा," परत द्यायला गेल्यावर तोच मधाळ आवाज म्हणाला. "उघडलेलं परत घेत नाही."

"मग मी काय ते न उघडता गायला लावू?"

पण तोरेखान पुन्हा फसणारा नव्हता. दुसऱ्या खेपेला तो आपली दोन तारांची दोंब्रा आणि ती साठ डब्यांची मालगाडी घेऊनच दुकानात गेला. पाठीमागे संगणकावर गाडीचा आवाज लावला, पुढ्यात दोंब्रा छेडली आणि एकेक माइक लावून ऐकत बसला. दुकानातली गिऱ्हाइकं पळाली. दुकानदार दोनदा म्हणाला, "आगा, बंद करायची वेळ झाली." तोरेखान हलला नाही. शेवटी काचेच्या कपाटात वर्षभर पडलेला, जाळीला पोचा आलेला एक काळा माइक निघाला. त्याला दोंब्रा ऐकू येत होती आणि गाडी जवळजवळ नाहीच. संगणकाला जोडायची पेटी त्याने दोन बटणांची घेतली. सोळा बटणांची पुढे केली तेव्हा म्हणाला, "मला विमान उडवायचं नाही." हेडफोन मात्र कान पुरते झाकणारे घेतले.

बुधवारी आजी गाणार असं ठरलं. सोमवारी बाग्लान आला.

बाग्लान म्हणजे धाकट्या बहिणीचा मुलगा. लग्नांत माइक धरून पाहुण्यांना हसवायचा, आणि ती सवय घरातही सुटत नसे.

"आदरणीय मामा, आणि मामांच्या शेजारी शोभणाऱ्या मामी," तो उंबऱ्यातूनच सुरू झाला, "आज तुमचा भाचा आपलं तिसरं मागणं मागायला आला आहे."

भाच्याने मामाकडे तीनदा काहीही मागावं आणि मामाने नाही म्हणू नये, ही तर रीतच. सात वर्षांचा असताना ह्याने शिंगरू नेलं होतं, एकोणिसाव्या वर्षी मोटरसायकल. तोरेखानने मुद्दाम सोनेरी माइक टेबलावर चमकत ठेवला होता.

बाग्लानने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हा नको. हा गाढवं पकडतो. तो काळा द्या."

"बुधवारपर्यंत थांब," तोरेखान म्हणाला. त्याच्या मानेची शीर ताठ झाली होती.

"मला लग्नात बोलायचंय उद्याच, मामा. तिसरं मागणं."

भाच्यावर हात उगारला तर हात आयुष्यभर थरथरतात, असं सगळे म्हणतात. सिग्नलच्या तारा जोडणाऱ्याला आणि दोंब्रा वाजवणाऱ्याला ते परवडणारं नव्हतं. तोरेखानने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि काळा माइक जाताना पाहिला.

"भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले," शारिपा कप उचलत म्हणाली.

तोरेखानने बादलीला लाथ घातली. बादली कुंपणापर्यंत गेली. तो परत आला, पुन्हा बादलीकडे निघाला आणि मध्येच थबकला. मग त्याने बाग्लानच्या बहिणीला, रौशानला, फोन लावला.

"तुझ्या पोरीने, मोल्दिरने, बाग्लान मामाकडून आजवर काय मागितलंय?"

"काहीच नाही, मामा. का?"

"सहा वर्षांची घोडी झाली ती. पोरांना रीतभात शिकवता की नाही तुम्ही लोक?"

मंगळवारी दुपारी बाग्लानचा फोन आला. लग्नांतला तो आवाज पार गळाला होता. "मामा, मोल्दिरने काळा माइक मागितला, हे तुम्ही केलंत. संध्याकाळी मला लग्नात बोलायचंय, मी काय हातात धरू?"

"भाची कुणाची? माझी की तुझी?"

"सायकल देतो म्हणालो. नको म्हणते."

"मग दे गपचूप. नाहीतर हात थरथरतील. आणि धरायला सोनेरी घेऊन जा, गाढवांना तेवढं बाहेर ठेव."

बुधवारी रौशान मुलीला घेऊन आली. माइक लोकरीच्या शालीत गुंडाळून मोल्दिरच्या कुशीत होता.

"आण इकडे," तोरेखान म्हणाला.

"माझा आहे. आजी गातील त्याच्यात. पण ऐकणार मी." तिने हेडफोन उचलून डोक्यावर चढवले.

"मी एवढा खपलोय ह्यासाठी. गाडी आली तर तुला कळणार आहे का?"

"कळेल."

"मी तुझ्या आईच्या आईचा सख्खा भाऊ आहे."

"पण माझे मामा नाहीत," पोरगी म्हणाली. रौशानने ओठ चावून खिडकीकडे तोंड फिरवलं.

आयमखान आजीने कुर्ताचा, म्हणजे वाळवलेल्या आंबट चक्क्याचा, खडा गालात सारला, डोळे मिटले आणि गायला लागली. तोरेखान कान उघडे टाकून, मुठी आवळून भिंतीशी बसला. गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा त्याच्या तळव्यांना जमीन थरथरलेली कळली. मालगाडी, लांब, भरलेली. तो आजीला थांबवायला उठला. मोल्दिरने त्याच्याकडे न बघता बोट वर केलं, अगदी तो शारिपाला करायचा तसं. तो दातओठ खात खाली बसला. गाडी घरावरून गेल्यासारखी गेली. आजी गातच राहिली, आणि मग थांबली.

"गाडी आली का त्यात?" तोरेखानने विचारलं.

"कुठली गाडी?" पोरगी कान झाकलेले असल्यामुळे मोठ्याने म्हणाली.

तोरेखानने हेडफोनसाठी हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला.

"थांबा. आजी अजून श्वास घेतायत."