सात मिनिटं पुढे

जुन्या लॅपटॉपमधले सेल बदलून देणाऱ्या त्या माणसाला गल्लीत सगळे सेलकाका म्हणत. दुसऱ्यांच्या यंत्रांची वेळ लावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. स्वतः मात्र जन्मात कुठे वेळेवर पोचले नाहीत. म्हणून बायकोने आपल्या लॅपटॉपचं घड्याळ सात मिनिटं पुढे करून ठेवलं होतं. "जित्याची खोड," ती म्हणायची, "निदान हे बघून तरी हलाल."

ती जाऊन आठ महिने झाले. काकांना रडू आलं नाही. लोक म्हणाले, माणूस घट्ट आहे. घट्ट कसला, बधिर झाला होता. लेकीने आईचे कपडे बांधले तेव्हा गाठीवर बोट दाबून धरायला हेच बसले होते. रोज सकाळी ते तिचा लॅपटॉप उघडत, सात मिनिटं पुढचं घड्याळ बघत आणि मिटून ठेवत. तिच्या हातचं चालू असलेलं तेवढंच उरलं होतं.

यंत्र बंद असताना वेळ सांभाळायला आत एक छोटा सेल असतो. तिच्या लॅपटॉपातला एकोणीस वर्षांचा झाला होता.

"बाबा, सेल पाझरला की बोर्ड खातो, हे तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगता ना?" लेक म्हणाली. "लोका सांगे ब्रह्मज्ञान! आईचं सगळं लिखाण आहे त्यात."

"सेल काढला की वेळ पुसली जाते."

"मग परत लावा की सात मिनिटं पुढे."

"ती मी लावलेली होईल."



शेवटी रविवारी दुपारी काकांनी यंत्र खोललं. स्क्रू बशीत ठेवले. सेलच्या कडेला हिरवट डाग धरला होता. त्यांनी आधी दुसरा एक सेल दोन तारांनी शेजारी जोडला, म्हणजे वेळ क्षणभरही तुटू नये. मग जुना कापला, नवा कथलाचा डाख देऊन बसवला, तारा काढल्या. झाकण लावून यंत्र चालू केलं. घड्याळ अजून सात मिनिटं पुढेच होतं.

"जमलं की हो बाबा!" म्हणत लेक चहा टाकायला गेली.

काकांनी उरलेले स्क्रू आवळले. पुसून घेतलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, चार आकडे टाईप केले आणि एंटर दाबलं. गिऱ्हाइकाच्या हाती यंत्र देण्याआधीचं शेवटचं काम, वेळ बरोबर करायची. तीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

बोट एंटरवरच राहिलं. भिंतीवर तीन वीस, पडद्यावरही तीन वीस.

लेक कप घेऊन आली. "काय झालं? बंद पडलं का?"

"नाही," काका म्हणाले, "बरोबर चालतंय." आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना हुंदका आवरेना.