बिबड्यातलं मीठ

मंदाबाई बैसाणे आमच्या वॉर्डात आया होत्या. मी जळगावच्या मेहरूणची. १९८७ साली धुळ्याच्या एका धर्मादाय रुग्णालयात सिस्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांना तिथं बारा वर्षं झाली होती. माहेर नरडाण्याचं, शिक्षण चौथी, नवरा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. बाई चादरी बदलायच्या, फरशी पुसायच्या आणि पुसता पुसता पेशंटशी गप्पा मारायच्या. कुणाची म्हैस व्याली, कुणाची मुलगी कुठं दिली, सगळं त्यांना ठाऊक. मला वाटायचं, बाई फार बोलतात.

एकदा शिंदखेड्याकडचे वना आबा भरती झाले. हृदय कमकुवत झालेलं, पाय सुजलेले. दहा दिवसांत सूज उतरली. त्यांना घरी सोडताना औषधांचा कागद मीच वाचून दाखवला. रोज सकाळी पाण्याची गोळी, म्हणजे अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी, रात्री ही पांढरी, मीठ बंद. "समजलं ना, आबा?"

"समजलं, ताई."

मी पुढच्या खाटेकडे वळले.

तीन आठवड्यांनी आबा परत आले. पाय असे सुजलेले की वहाणा पायांत शिरेनात; त्या बायकोनं, द्रौपदाबाईंनी, पिशवीत घेतल्या होत्या. डॉक्टर सबनीस माणूस भला, पण पुण्याचा आणि सदा घाईत. त्यांनी विचारलं, "गोळ्या घेतल्या?" "घेतल्या." "मीठ?" "बंद." मग सूज आली कुठून? डॉक्टरांनी डोकं खाजवलं आणि उद्यापासून डोस वाढवू म्हणाले.

दुपारी मंदाबाई आबांच्या खाटेखाली फरशी पुसत होत्या. पुसता पुसताच अहिराणीत म्हणाल्या, "आबा, मीठ खरंच बंद शे का?"

"मीठ तं मी डोयानी देखं नही, अक्का!"

"मंग दिनभर काय काय खातस?"

आबांनी मोजून सांगितलं. भाकरी, बिनमिठाची डाळ, भाजी. आणि तोंडाला चव नाही म्हणून दोन वेळा पापडासारखा भाजलेला बिबडा.

"बिबडा?"

"मंग! बिबडामा कोठे मीठ शे?"

द्रौपदाबाईंनी कपाळाला हात लावला. "अवो, मी मूठ मूठ मीठ टाकस त्यामा!"

मंदाबाई तिथंच फरशीवर बसून हसायला लागल्या. मग आबाही हसले. हसण्याच्या भरात दुसरंही बाहेर पडलं. पाण्याची गोळी ते घेतच नव्हते. ती घेतली की दर अर्ध्या तासाला लघवीला उठावं लागतं, आणि बाजाराच्या दिवशी एसटी काही मधे थांबत नाही. म्हणून पायांची सूज उतरल्यावर त्यांनी गोळी सोडूनच दिली होती. डॉक्टर रागावतील म्हणून बोलले नव्हते.

मंदाबाई तडक माझ्याकडे आल्या. "सिस्टर, डोस वाढवायच्या आधी डॉक्टरांना एवढं सांगा."

मला आधी रागच आला. कागद मी वाचला होता, शब्द न् शब्द. पण आबांनी तो ऐकला कसा, हे मी विचारलंच नव्हतं. मी डॉक्टरांना बोलावून आणलं.

"हा बिबडा म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. द्रौपदाबाईंनी पिशवीतून ज्वारीचा जाडसर पापड काढून त्यांच्या हातावर ठेवला. डॉक्टरांनी तुकडा तोंडात टाकला आणि पाणी मागितलं. सगळा वॉर्ड हसला.

डोस वाढला नाही. बाजाराच्या दिवशी घरी परतल्यावर गोळी घेतली तरी चालेल, फक्त संध्याकाळ होऊ देऊ नका, नाहीतर रात्रभर उठावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

या वेळी आबा घरी निघाले तेव्हा मंदाबाई गोळ्यांची दोन्ही पाकिटं घेऊन समोर बसल्या. "आबा, मी चौथी शिकेल बाई. मी बरोबर सांगं की नही, ते माले कये पाहिजे. तुम्हीच सांगा आते, कोणती गोयी कव्हय लेवानी?"

आबांनी ऐटीत पांढरी गोळी उचलली. "ही पानीनी."

"चुकलं!" शेजारच्या खाटेवरून कुणीतरी ओरडलं. दुसऱ्या खेपेला आबांनी सगळं बरोबर सांगितलं. मग मंदाबाईंनी तेच द्रौपदाबाईंकडून वदवून घेतलं, कारण गोळ्या हातावर ठेवणार त्या.

मी एकदा मंदाबाईंना विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? त्या म्हणाल्या, "कुणी नाही. माझ्या सासूनं गुळण्यांचं औषध चार दिवस प्यायलं होतं. विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

तेव्हापासून घरी जाणाऱ्या पेशंटशी आम्ही दोघी मिळून बोलायला लागलो. मी कागद वाचायची, मंदाबाई उलटं विचारायच्या. सुरुवातीला वेळ जातो म्हणून मुख्य सिस्टर कुरकुरल्या. पण महिनाभरात, परत आलेल्यांत "गोळी कोणती ते विसरलो" म्हणणारे कमी झालेले त्यांनाही दिसलं. त्यांनी स्वतः या बोलण्यासाठी दाराजवळ एक बाकडं मांडून दिलं.

वना आबा पुढे सहा वर्षं दर महिन्याला तपासणीला येत राहिले. बिबडा त्यांनी सोडला नाही. द्रौपदाबाई त्यांच्यापुरते बिनमिठाचे वेगळे घालायच्या. डॉक्टर सबनीसांनी हट्टानं अहिराणी शिकायला घेतली. एकदा त्यांनी एका आजीला "तुम्ही कशी शे?" असं अर्धं मराठी, अर्धं अहिराणी विचारलं. आजी इतकी हसली की रक्तदाब मोजायला दहा मिनिटं थांबावं लागलं.