आमच्या बोलीला मिळालेलं काम

दोन वर्षांपूर्वी आमच्या मुठा गावात एका सिनेमाचं शूटिंग झालं. हलकीफुलकी प्रेमकथा, नायिका आमच्याच खोऱ्यातली, नायक पुण्याचा. मी उरवड्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. लेखकाला इथली बोली शिकवणारं कुणीतरी हवं होतं, सरपंचांनी माझं नाव सुचवलं. मी आठवड्याची रजा टाकली. नायिका मन लावून शिकली. 'आमी', 'तितं', 'लई' तिच्या तोंडी बसायला लागलं होतं.

एकदा लेखकानं विचारलं, इथली माणसं प्रेम कसं बोलून दाखवतात? मी आईला बोलावलं. ती लाजली, पण तिनं सांगितलं. लग्नानंतर ती पहिल्यांदा माहेरी गेली, तर चौथ्याच दिवशी माझे वडील भाताची लावणी अर्धी टाकून तिला न्यायला आले. तिच्या भावांसमोर एवढंच म्हणाले, "तू न्हाईस तर घरात करमत न्हाई." वडील जाऊन बरीच वर्षं झालीत. लेखकानं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं, आईच्या पाया पडला.

सिनेमा लागल्यावर आईला घेऊन पिरंगुटहून बसनं कोथरूडला गेले. नायिकेनं तोंड उघडलं आणि स्वच्छ पुणेरी बोलायला लागली. आमची बोली मिळाली होती तिच्या घरच्या गड्याला. त्याला पुढे आलेले खोटे दात लावलेले. मध्यंतरानंतर तो म्हशीच्या गळ्यात पडून म्हणाला, "तू न्हाईस तर घरात करमत न्हाई."

सगळं थिएटर हसलं. बाहेर आल्यावर आईनं विचारलं, "आपलं बोलणं हसण्यासारखं हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी लेखकाला फोन केला. तो म्हणाला, नायिका तशी बोलली असती तर ती प्रेक्षकांना आपली वाटली नसती, निर्मात्यांचाच तसा आग्रह होता. मग आपल्या सिनेमात कसे सगळे समाज आहेत हे ऐकवायला लागला. नायकाचा मित्र व्हीलचेअरवर, नायिकेची मैत्रीण मणिपूरची, डॉक्टर मुसलमान, आणि गाव तर आहेच.

"मॅडम, कोण राहिलंय ते सांगा," तो म्हणाला.

तोवर मी त्याच्याशी शहरी मराठीत बोलत होते. तिथं ती सुटली.

"सगळी हायेत. पर त्यातल्या कुणाला तुमी प्रेम करू दिलंय? खुर्चीतला सल्ले देतोय, मैत्रीण नवरीचा पदर धरतीया, डॉक्टर नाडी बघतोय, आन आमी म्हशीशी बोलतोय. माझ्या बापाचं बोलणं हुतं ते."

मग तो म्हणाला की शेवटच्या पाट्यांत भाषा सल्लागार म्हणून तुमचं नाव दिलंय. मी म्हटलं, काढा. आता निघणार नाही, असं त्यानं सांगितलं. ते अजून तिथंच आहे.

आमच्या मागच्या खोलीत नागपूरकडची एक नोकरदार मुलगी भाड्यानं राहते. परवा आई तिला सांगत होती, "पाणी सकाळी येते. भरून ठेवायचे आहे." एकेक शब्द चाचपत. मुलगी म्हणाली, काकू, नेहमीसारखं बोला ना. आई आत निघून आली.

बाकी सगळं मी त्या लेखकाला कधीतरी माफ करीनही. हे नाही.