बिटकीचा मान

पूर्णगडच्या अलीकडे आमचं गाव. तिथे हापूसची कलमं व्यापाऱ्याची आणि परसातली बिटकी माहेरवाशिणीची. बिटकी म्हणजे लहानसा, चोखून खायचा रायवळ आंबा. मे महिन्यात लेक माहेरी आली की पहिला आंबा झेल्याने, म्हणजे जाळी बांधलेल्या काठीने, तिने उतरवायचा. तोवर त्या झाडाला कोणी हात लावत नाही. आई गेली तेव्हा धाकट्या भावाने मला जवळ बसवून सांगितलं होतं, "तुझी बिटकी तुझीच ऱ्हाईल गो ताय." त्या एका शब्दावर माझं माहेर उभं होतं.

गेल्या वर्षी त्याने घरामागे पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. पाहुण्यांना काय काय दाखवू, म्हणून फोनवर विचारलं. मी वेडी हौसेने सांगत सुटले. सड्यावरची करवंदं, पऱ्ह्याच्या वाहत्या पाण्यात पाय सोडून बसायची जागा, ओहोटीला खाडीत काढायची कालवं. आमची अख्खी सुट्टी मी त्याच्या ओंजळीत टाकली. बिटकीचं नाव मात्र दोघांनीही घेतलं नाही. मला वाटलं, ते सांगायला कशाला हवं?

यंदा गेले तर परसात गलबला. बॅग खांद्यावर तशीच ठेवून मागे गेले. बिटकीखाली पुण्याच्या बायका रांगेत उभ्या. वहिनी एकेकीला कुंकू लावत होती आणि भाऊ हातात झेला देत होता. आमची रीत तो अगदी आईच्या शब्दांत रंगवून सांगत होता. शेवटी म्हणाला, "आजच्या माहेरवाशिनी तुमी." टाळ्या पडल्या. खालच्या फांद्या केव्हाच रिकाम्या झाल्या होत्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रीत मोडली असती तर चांगली भांडले असते. पण त्याने ती जशीच्या तशी पाळली होती, फक्त मला वगळून. आणि वर हसून माझ्याकडे बघत होता, जणू मीही खूश व्हावं.

तरी जवळ गेले, झेल्यासाठी हात पुढे केला. त्याने मला हलकेच बाजूला घेतलं.

"तू घरचीच ना गो. पाव्हन्यांचं होऊं दे आधी."

लग्न झाल्यापासून माहेरच्या त्या घरात सगळे मला पाहुणी म्हणत आले. घरची म्हणणारा तो पहिलाच, आणि तेही मला मागे सरकवायला.