काचेतला बाप

नांदेडच्या फोटोग्राफर मंडळींनी प्रदर्शन भरवायचं ठरवलं, तेव्हा अट साधी होती. प्रत्येकानं स्वतःचा सगळ्यात आवडता एकच फोटो द्यायचा आणि तो का आवडतो, हे उद्घाटनाला उभं राहून दोन मिनिटांत सांगायचं. ओळखीचे बरेच जण आठवडाभर डोकं खाजवत बसले. मला मिनिटभरही लागलं नाही. लातूरच्या माझ्या स्टुडिओत काउंटरच्या मागं सहा वर्षं एकच मोठा फोटो टांगलेला होता. तोच द्यायचा.

शिरूर अनंतपाळच्या एका लग्नातला तो फोटो. नवरी सासरी निघालीय, गाडीत बसलीय, काच वर केलेली आहे. बाहेर उभ्या बापाचा चेहरा त्या काचेत पडलाय, नेमका नवरीच्या चेहऱ्यावर. तिचे डोळे, त्याच्या पांढऱ्या मिशा. दोघं मिळून एकच माणूस रडतोय असं वाटतं.

गिऱ्हाइक आलं की मी त्याची हकिगत सांगायचो. "दहा मिनिटं गाडीपाशी गुडघ्यावर बसलो होतो. बाप एक पाऊल पुढं यायची वाट बघत होतो. आला, की दाबलं." सांगताना गुडघ्याला टोचलेला खडासुद्धा मला आठवायचा.

लग्नाच्या ऑर्डरींना बायको माझ्याबरोबर येते. नवा कॅमेरा माझ्याकडं, जुना तिच्याकडं. मी स्टेज सांभाळतो, ती बायकांच्या घोळक्यात शिरते.

प्रदर्शनाला चार दिवस राहिले असताना नांदेडहून फोन आला. छापलेला फोटो पोचला होता, पण मूळ फाइलही पेनड्राइव्हवर घेऊन या म्हणाले. काही जण दुसऱ्याचे फोटो आपले म्हणून लावतात, त्या भानगडी नकोत. मी हसून हो म्हणालो आणि जुनी हार्डडिस्क काढली.

दुपारची वेळ. बायको पुढं काउंटरवर पासपोर्ट फोटो कापत होती. मी आत त्या लग्नाचं फोल्डर उघडलं. माझ्या कॅमेऱ्याच्या फोटोंत गाडी होती, बॉनेटवरची फुलं होती, ड्रायव्हर होता, गर्दी होती. तो फोटो नव्हता. चुकून पुसला गेला असेल असं वाटलं. मग जुन्या कॅमेऱ्याचं फोल्डर उघडलं, आणि तो तिथं होता. त्याच्या आधी नवरीच्या नथीचे तीन फोटो, नंतर तिच्या मेंदीच्या हाताचा एक.

तरी मनाला पटेना. त्या दिवशी जुना कॅमेरा घडीभर माझ्याकडं आला असेल. पुन्हा माझे फोटो बघितले. त्याच मिनिटाचा एक सापडला. मी गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभा होतो, आणि टपावरून पलीकडं, नवरीच्या खिडकीपाशी, कॅमेरा डोळ्याला लावलेली माझी बायको दिसत होती.

"सापडली का फाइल?" तिनं बाहेरून विचारलं.

"सापडली," मी म्हणालो.

पुढचे चार दिवस मी तिच्या तोंडाकडं बघत काढले. हिला माहीत आहे का? सहा वर्षं ती त्या फोटोखाली बसून काम करत होती. मी हकिगत सांगायला लागलो की गिऱ्हाइकाला पाणी आणून द्यायची, मधे कधी एक शब्द बोलली नव्हती. पकडलं जायची भीती नव्हती, दोन्ही कॅमेरे माझेच. सकाळी दाढी करताना मी स्वतःशी हुज्जत घालायचो. शेकडो फोटोंतून तो निवडला कोणी? मी. कडा कापल्या, रंग काढून काळापांढरा केला कोणी? मी. मग अर्धा तरी माझाच की. आरशात मात्र त्या अर्ध्यावर माझाच विश्वास बसत नव्हता.

आदल्या दिवशी ती म्हणाली, "मी बी येते नांदेडला. येताना लोह्याला उतरून दोन दिवस आईकडं राहीन." नको म्हणायला कारण सुचलं नाही.

अहमदपूर मागं पडल्यावर बसमधे तिनं विचारलं, "काय बोलणार तुम्ही?"

"नेहमीचंच."

"हं," म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली.

हॉलमधे फोटो छान उजेडात लावला होता, खाली कार्डावर माझं नाव. नांदेडातले एक जुने फोटोग्राफर आहेत, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. प्रदर्शन त्यांच्याच खटपटीतून उभं राहिलेलं. ते फोटोपुढं थांबले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय टायमिंग साधलंय, भाई!" तो हात मला जड झाला.

माझी पाळी आली. माईक हातात घेतला. "त्या दिवशी दहा मिनिटं मी गाडीपाशी..." एवढं बोललो आणि नजर तिसऱ्या ओळीत गेली. बायको मांडीवर पर्स धरून बसली होती. चेहऱ्यावर राग नव्हता. तिनं मान खाली घातली होती. आपलं माणूस चारचौघांत फजीत होताना बघवत नाही म्हणून घालतात, तशी. तेवढ्यावरून मला कळलं की तिला सगळं माहीत आहे.

लोक वाट बघत होते.

"हा फोटो माझा नाही," मी म्हणालो. "माझ्या बायकोनं काढलाय. मी सहा वर्षं माझा म्हणून सांगतोय."

टाळ्या सुरू झाल्या. मला वाटलं, तिला बरं वाटेल. ती उठली आणि सरळ बाहेर गेली.

मी व्हरांड्यात गाठलं तिला. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"आधी वाटलं, गिऱ्हाइकापुढं तसं बोलून राहिले. मग कळलं, तुम्हाला खरंच तसं आठवून राहिलंय. मग भ्या वाटलं. काय म्हणून सांगायचं?"

"आता सांगितलं की मीच. सगळ्यांसमोर."

"सांगितलं, पण मला इचारलं का?" तिचा आवाज चढला. "आता माझा आवडता फोटो म्हणून माझं नाव लागंल. त्यो माझा आवडता न्हाईच. मी नथीकडं बघत होते. बाप मला दिसलाच न्हवता, घरी कंप्युटरवर दिसला. मी जे बघितलंच न्हाई, ते माझं कसं?"

तेवढ्यात उस्ताद कोरं कार्ड आणि पेन घेऊन बाहेर आले. "बाई, नाव सांगा. कार्ड बदलतो."

"नाव लावू नका. फोटो उतरवा."

उस्तादांनी माझ्याकडं बघितलं. "उद्घाटन झालंय हो. भिंत उघडी दिसंल."

तिनं पर्समधून मोबाइल काढला, थोडं शोधून त्यांच्यापुढं धरला. "मग ह्यो लावा."

मुरुडच्या एका लग्नातला फोटो होता. स्वयंपाकाला आलेली एक बाई पंगती उठल्यावर पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसलीय, डोळे मिटलेत. अल्बमसाठी फोटो निवडताना मी तो बाजूला टाकला होता. उस्तादांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला.

"बाई, ह्याच्यात उजेड कमी हाय. हललाय बी."

"हाव. पण मी बघून काढलाय. तिनं डोळे मिटायची वाट बघितली."

उस्तादांनी पुन्हा माझ्याकडं बघितलं. मला त्यांचंच पटत होतं.

तरी त्यांनी जवळच्या लॅबमधून तो छापून आणवला. दुपारनंतर माझ्या जागी तो लहानसा फोटो लागला, खाली तिचं नाव. फार कोणी थांबलं नाही. जे थांबले त्यांना ती सांगत होती, की ती बाई पहाटेपासून उभी होती, आणि पाय पाण्यात सोडल्यावर तिनं हुश्श केलं, ते हिला लांबून ऐकू आलं. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो.

परतताना ती लोह्याला उतरली. मी एकटाच लातूरला आलो. नंतरचे दोन दिवस मी सगळ्या हार्डडिस्का उपसल्या. दाबायच्या आधी मी नक्की बघितलं होतं, असा एक तरी फोटो हवा होता. तीन निवडले. त्यातले दोन संध्याकाळपर्यंत मीच काढून टाकले. उरला उदगीरचा एक. वाजंत्री सनई तोंडाला लावायच्या आधी बाहीनं ओठ पुसतोय.

ती आईकडून आली, पिशवी ठेवली, खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली. कंप्युटरवरच्या त्या फोटोकडं बघत राहिली.

"ह्यात तुम्ही काय बघितलं होतं?" तिनं विचारलं.

मी सांगायला लागलो. आठवत होतं तेवढंच सांगितलं, आणि ते दोन वाक्यांत संपलं.